कुलपाचा दवाखाना

आई दवाखान्यातून पळाली तेव्हा मी तिच्या दारातच बसले होते. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर ज्याला त्याला वाटलं की मी चहा प्यायला नाहीतर फोनवर बोलायला गेले असणार. मी कुठंही गेले नव्हते. समोर पांढरा पडदा होता, पडद्याआड तपासणीची खोली. आईला आत नेताना नर्सनं मला हातानं थोपवलं होतं, "ओक्करे, अम्मा. पेशंट ओक्करे." म्हणजे पेशंट एकटाच आत, बाकीच्यांनी बाहेर. मी निमूट बाहेर बसले. शिस्त मला आवडते. कोचिंग क्लासमध्ये पोरांना शिस्त लावूनच तर माझं पोट भरतं.

थोड्या वेळानं तीच नर्स पडदा सारून बाहेर आली आणि मलाच विचारायला लागली, "अम्मा एक्कड?"

"आई कुठंय म्हणजे? तुमच्याच ताब्यात दिली ना मी!" मी मराठीतच ओरडले. राग आला की माझं तेलुगू पळून जातं.

आत जाऊन पाहिलं. नर्स हातमोजे आणायला वळली होती, तेवढ्यात आई गेली होती. खोलीला मागून आणखी एक दार होतं, तिथल्या माणसांच्या येण्याजाण्याचं. ते सताड उघडं. मधोमध उंच टेबल, त्याला पाय अडकवायच्या दोन लोखंडी कमानी, शेजारी ट्रेमध्ये कापडाखाली झाकलेली स्टीलची हत्यारं. आणि टेबलाखाली आईच्या चपला, दोन्ही नीट एकमेकींना लावून ठेवलेल्या. सत्तरी ओलांडलेली बाई भर उन्हात अनवाणी रस्त्यावर गेली होती. मी ते टेबलच धरून उभी राहिले, मग हात भाजल्यासारखा मागे घेतला.

त्याच्या आधीचं सांगायला हवं. आईला रक्त जायला लागलं होतं. तिची पाळी जाऊन जमाना झाला होता, त्या वयात थेंब जरी दिसला तरी त्याला हसण्यावारी नेऊ नये, हे मला पुरतं ठाऊक. हैदराबादच्या दिलसुखनगरात मी बायॉलॉजी शिकवते. डॉक्टर व्हायला निघालेली पोरंपोरी दाटीवाटीनं बसतात आणि मी फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढते, खडूही न उचलता, एका रेषेत. पण माझ्याच घरात, माझ्याच आईच्या तोंडून मला एक अक्षर कळलं नाही. कळलं ते बादलीतून. भल्या सकाळी ती चादर भिजत घालून वर साबणाचा फेस करून ठेवायची, फेस उतरला की पाणी गुलाबी दिसायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरात आम्ही दोघीच. वडील रेल्वेत होते, तेही जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्यांना मी "वेळ मिळाला नाही" म्हणून सांगते. आईचं बाळंतपणही एकच, माझंच, तेही घरी सुईणीच्या हातचं. त्यामुळे तिला आयुष्यात कुणी त्या टेबलावर घेतलं नव्हतं. मला हे ठाऊक होतं, पण मी त्याचा विचार केला नव्हता. म्हाताऱ्या बायका लाजतात, एवढंच मी धरून चालले होते.

क्लासमधल्या एका बाईंनी डॉक्टर सुचवली. बाई डॉक्टर, हाताला गुण, फक्त दवाखाना सिकंदराबादला. जेवताना मी आईला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"लष्करात?" ती म्हणाली. जुनी हैदराबादी माणसं सिकंदराबादला अजून लष्करच म्हणतात, गोऱ्यांची छावणी होती म्हणून.

"हो, लष्करात. मेट्रोनं जायचं."

"दुसरीकडं न्हाई का कुठं? इकडं मलकपेटला, चादरघाटला?"

"आई, डॉक्टर चांगली आहे. आणि बाई आहे."

"बाई हाय का," ती म्हणाली आणि गप्प झाली. तिचं गप्प बसणं हा होकार आहे असं मी धरलं. तिच्या गप्प बसण्याचे प्रकार मला एव्हाना कळायला हवे होते.

मेट्रोत ती माझ्या कोपराला धरून बसली. अमीरपेटला गाडी बदलताना गर्दीत तिनं माझ्या कुर्त्याची कड बोटाला गुंडाळली आणि विचारलं, "ओढणी कामून न्हाई घेतलीस?" मला वाटलं, झालं सुरू. सेहेचाळीस वर्षांच्या घोडीला पदर सांभाळायचे धडे. मी फाडकन बोलले, "या वयात मला ओढणी शिकवू नकोस." तिनं बोटाला गुंडाळलेली कड सोडली नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत ती तशीच आली, आणि आत पडद्यापाशी नर्सनं माझा हात बाजूला केला तेव्हा तिच्या बोटातून माझ्या कुर्त्याची कड सुटली.

आता ती कुठं शोधायची? तिचा फोन माझ्याच पर्समध्ये. फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, चहाच्या टपरीवर विचारलं, फळवाल्याला विचारलं. रक्त जातंय, डोळ्याला नीट दिसत नाही, पायात काही नाही. चक्कर येऊन बसखाली आली तर मला कोण कळवणार? एका ऑटोवाल्यानं मात्र सांगितलं, "हौ, एक बुड्ढी अम्मा नंगे पाँव गये ना, बस के तरफ." बायकांना बस फुकट आहे आणि आधार कार्ड आईच्या कनवटीला कायम असतं. मी ऑटो केला आणि दिलसुखनगरपर्यंत प्रत्येक बसच्या खिडकीत पाहत आले. तिच्या चपला माझ्या मांडीवर होत्या.

ती आमच्या दारात होती. किल्ली माझ्याकडे, म्हणून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. जिवात जीव आला म्हणेपर्यंत मला दिसलं की तिनं आपल्या पदराचं टोक जिन्याच्या लोखंडी कठड्याला बांधलं आहे. साधी गाठ नव्हे, दोन पेडी. एखाद्या शेळीला खुंट्याला बांधावं तसं तिनं स्वतःला बांधून घेतलं होतं. भेदरलेल्या डोळ्यांनी ती माझ्या मागे पाहत होती, माझ्याबरोबर कुणी आलंय का ते.

"कुणी न्हाई ना आलं?" तिनं विचारलं.

"कोण येणार? डॉक्टर? काठी घेऊन?" मी ओरडले. भीती ओसरताना माणूस ओरडतो, मी तर जरा जास्तच. "मरायचंय का तुला?"

"मरंन. पण तिथं उताणी पडणार न्हाई."

गाठ मलाच सोडवावी लागली. इतकी करकचून बसली होती की नखं दुखली.

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. तिनं दवाखान्याचा विषय बंद केला आणि रक्त काही बंद झालं नाही. मी क्लासला जायचे, फळ्यावर आकृती काढायचे आणि अस्तराची रेष काढताना हात अडायचा. पहिल्या बाकावरची एक पोरगी विचारायची, "मॅम, मेनोपॉजनंतर ब्लीडिंग म्हणजे काय?" मी उत्तर द्यायचे. उत्तरातला शेवटचा शब्द गिळून टाकायचे. घरी आले की आधी न्हाणीघरात डोकावायचे. तिनं लपवायला सुरुवात केली होती. चिंध्या गच्चीवर वाळत नसायच्या, कचऱ्यात नसायच्या, कुठं जायच्या देव जाणे. तिचा चेहरा कागदासारखा होत चालला होता आणि ती मला विचारायची, "भाकरी टाकू का अजून एक?"

मी सगळं करून पाहिलं. लाडीगोडी, दमदाटी, रडारड. एकदा तर म्हटलं, "तू गेलीस तर मी एकटी राहीन, तुला चालेल?" ती म्हणाली, "सगळ्याच एकट्या राहत्यात." माझ्या नाकावर कायम राग असतो, पण त्या दिवसांत रागसुद्धा थकला. नुसती भीती उरली. सकाळी डोळे उघडले की ती आधीच उशाशी येऊन बसलेली असायची.

आणि त्या भीतीत मला ती गाठ पुन्हापुन्हा आठवायची. कारण ती गाठ मला नवी नव्हती. लहानपणी आई मला मिरच्या-मसाला आणायला बेगम बाजारात न्यायची, तेव्हा तिच्या पदराचं टोक माझ्या फ्रॉकच्या पट्ट्याला बांधलेलं असायचं. गर्दीत पोरगी हरवू नये म्हणून, असं मी समजायचे. पण लस टोचायला नेलं तेव्हाही बांधलं होतं. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा, रेशनच्या हापिसात, वडिलांच्या रेल्वेच्या दवाखान्यातही. तिथं कुठं हरवण्याइतकी गर्दी होती? पोरं हसायची, "ही बघा, कुत्रीला साखळी." बारा वर्षांची झाले आणि मी पट्ट्याचे फ्रॉकच सोडले. नवल असं की आमच्या घरात गंडा नाही, दोरा नाही, नवस नाही. आम्ही बौद्ध. शेजारणीनं पोराच्या गळ्यात ताईत बांधला तर आई तिला सुनवायची. मग ही एक गाठच तेवढी का राहिली होती?

रविवारची दुपार होती. आई ताटात ज्वारी घेऊन खडे निवडत बसली होती. मी दवाखान्याचं नाव काढलं नाही. नुसतं विचारलं, "तू त्या दिवशी कठड्याला पदर का बांधलास?"

तिची बोटं थांबली नाहीत. खडा उचलून तिनं बाजूला ठेवला.

"दुसरं कुणी नव्हतं बांधायला," ती म्हणाली.

मग ती बोलली. ज्वारीकडे बघतच बोलली, एकदाही मान वर केली नाही. तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं ते मी सरळ करून सांगते.

आईला तिच्या आजीनं वाढवलं. त्या आजीची आई लष्करात गवत कापायची. मराठवाड्यातल्या गावातून दुष्काळात चालत आलेली माणसं, त्यांना पलटणीच्या घोड्यांसाठी गवत कापायचं काम मिळालं. बायका पहाटे माळावर जायच्या, गवताचे भारे डोक्यावर आणून तबेल्यापाशी टाकायच्या. छावणीत गोऱ्या शिपायांना बायकांकडून रोग लागायचे, म्हणून सरकारनं एक दवाखाना काढला होता. धंद्यातल्या बायकांना तिथं नेऊन तपासायचे, रोग निघाला तर आत ठेवायचे, बाहेरून कुलूप. आमच्या माणसांनी त्याचं नाव ठेवलं कुलपाचा दवाखाना. पण धंद्यातली कोण आणि गवतवाली कोण, हे ठरवणार कोण? ठरवायचा तिथला दफेदार, पहाऱ्यावरचा हवालदार. एकटीदुकटी गरीब बाई छावणीच्या रस्त्यावर दिसली, त्याला तिनं नाही म्हटलं, किंवा त्याच्या मनात आलं, की ती संशयित. एकदा नेलं की पत्र्याचा बिल्ला द्यायचे, आणि मग बिल्ला असलेल्या बाईनं ठरल्या दिवशी येऊन टेबलावर पडायचं.

"आजी तेव्हा एवढीशी हुती," आई म्हणाली आणि बसल्या बसल्या खांद्याच्या उंचीवर हात धरला. "आईच्या मागं मागं चालली हुती. दफेदार आला. गवताचा भारा पडला. आजीनं आईचा पदर धरला, दोन्ही हातांनी. त्यानं आईला वढली आणि पदर फाटला. चिंधी राहिली आजीच्या हातात."

ती बाई परत आली, बऱ्याच दिवसांनी. आत काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही. एवढंच की पुढं ती जन्मात कधी उताणी झोपली नाही. दिवस राहिले, बाळंतीण झाली, तापानं फणफणली, पण झोपायची ती कुशीवर, भिंतीकडे पाठ करून. मरताना म्हणाली, मला पुरताना उताणी ठेवू नका. तशीच कुशीवर पुरली तिला.

माझं डोकं भडकलं. "आणि त्या गोऱ्यांना कोण तपासत होतं?" मी विचारलं.

"त्यास्नी कोण तपासंल? त्यांच्यासाठीच तर दवाखाना."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! रोग आणणारे छाती काढून फिरणार आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई टेबलावर पडणार. मी उठून येरझाऱ्या घालायला लागले. आई म्हणाली, "बस खाली, पुढचं ऐक."

पुढचं असं की परत आल्यावर त्या बाईनं छावणी सोडली नाही, पोट भरायचं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून ती एकटी माळावर गेली नाही. शेजारणीला म्हणाली, धरलेला पदर सुटतो, बांधलेला सुटत नाही. दोघींनी पदराला पदर बांधला आणि गेल्या. मग सगळ्याच गवतवाल्या जोडीजोडीनं जायला लागल्या. दफेदारानं पुन्हा एकीला धरलं, तर तिच्यामागून दुसरी फरफटत आली आणि दोघी रस्त्यातच बसल्या. त्याच्याकडे एकीचंच फर्मान होतं. मागच्या जोडीनं आपला पदर त्यांना बांधला, त्यामागच्या जोडीनं आपला. रांगच्या रांग बसली. गवत माळावरच राहिलं आणि तबेल्यात घोडे खुरं आपटायला लागले. साहेबाला बायकांची फिकीर नसली तरी घोड्यांची होती. दफेदारानं हात सोडला.

"त्या दिवसापुरता," आई म्हणाली. "रोज कुठं सोडतोय. मग पुढं सगळं बिऱ्हाड उचललं आन मुसी नदीच्या अलीकडं आलं, निजामाच्या हद्दीत. इकडं त्यांचा कायदा चालत नव्हता. आजी म्हणायची, कुठं बी जावा, लष्करात दवापाण्याला जाऊ नका. आन सरकारी दारात एकटी जाऊ नका."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"काय सांगू? लोक काय म्हणले असते? तिलाच कामून नेलं, काहीतरी असंल म्हणूनच नेलं. तिच्या नवऱ्यानं सुद्धा तेच म्हटलं होतं तिला." तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "बाईला नेलं, की बाईच वाईट."

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "आई, ते गोरे गेले. तो दवाखाना गेला. आता कुणी जबरदस्ती करत नाही."

"गेले, हाव," ती म्हणाली. "टेबल हाय की तिथंच."

म्हणजे गोष्ट कळून काही उपयोग झाला नाही. मला वाटलं होतं, कारण सापडलं की उपाय सापडेल. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा हा भाबडेपणा. आईनं ज्वारीचं ताट उचललं आणि उठताना तिचा तोल गेला. तिनं भिंत धरली. ज्या जागी ती बसली होती तिथं फरशीवर रुपयाएवढा डाग होता. दोघींनीही तो पाहिला. ती पदरानं पुसायला वाकली, मी तिचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून साडी काढली. माझ्याकडे दोनच आहेत, लग्नकार्यात नेसायच्या. निऱ्या करताना तीनदा चुकले, पिना टोचून घेतल्या, आणि पदर मुद्दाम लांब सोडला, गुडघ्याच्या खालपर्यंत. तशी जाऊन आईसमोर उभी राहिले.

ती चहा गाळत होती. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "कुणाचं लगीन हाय?"

"तुझं," मी म्हटलं. "चल."

ती हसली नाही. गाळणं खाली ठेवलं आणि माझ्या पदराचं टोक हातात घेतलं. मला भीती वाटत होती की ती ते सोडून देईल. मग तिनं स्वतःचा पदर पुढं घेतला. दोन पेडी बांधली, दातांनी ओढून घट्ट केली.

मेट्रोत लोक बघत होते. दोन बायका एकमेकींना बांधलेल्या. अमीरपेटच्या सरकत्या जिन्यावर तर आम्ही पडता पडता वाचलो. कॉलेजच्या पोरी फोन काढून हसायला लागल्या आणि माझे कान तापले, पण मी गाठीकडे हात नेला नाही. सिकंदराबाद जसजसं जवळ यायला लागलं तसतशी आई माझ्या बाजूला सरकत गेली.

पडद्यापाशी तीच नर्स. तिनं आईला ओळखलं, कपाळाला हात लावला आणि मला थोपवलं, "ओक्करे, अम्मा." मी गाठ दाखवली. ती हसली, म्हणाली परवालेदु, काही होत नाही, आणि गाठ सोडायला गेली. आईनं तिचं मनगट असं पकडलं की ती "अय्यो" म्हणून मागं सरली. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आली. मागच्या बाकांवरच्या बायका मान उंच करून बघायला लागल्या. आता हिनं बाहेर काढलं तर आई पुन्हा कधी येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

मी म्हटलं, "ये गाँठ नहीं खुलेगी डॉक्टर. दोनों अंदर आएँगे, नहीं तो दोनों घर जाएँगे."

डॉक्टरनं घड्याळाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. ती काही फार गोड बाई नाही. "आओ," ती म्हणाली, "जल्दी."

आत आई टेबलापाशी थांबली. ट्रेवरचं कापड तिनं स्वतःच उचललं आणि मला म्हणाली, "इचार हिला, काय काय घालणार हाय." मी विचारलं. डॉक्टरनं एकेक वस्तू हातात दिली. आईनं ती उलटसुलट केली, बोटानं कड चाचपली, परत ठेवली. मग म्हणाली, "उताणी पडणार न्हाई. कुशीवर पडते, जमतंय का बघ म्हणावं."

मी हे हिंदीत सांगितलं. नकारच येणार असं धरून मी डॉक्टरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुशीवर?" डॉक्टर म्हणाली, हिंदीतच. "जमतं की. डाव्या कुशीवर वळवा, वरचा पाय पोटाशी घ्या. आधी का नाही सांगितलं?"

इतकं सोपं होतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, आणि फळ्यावर आकृत्या काढणाऱ्या मलाही ते ठाऊक नव्हतं. आई डाव्या कुशीवर झोपली, भिंतीकडे पाठ करून. गाठ आमच्या दोघींच्या मध्ये ताणलेली. मी तिच्या तोंडाशी वाकून उभी होते. तिनं डोळे मिटले नाहीत, पूर्ण वेळ दाराकडे पाहत राहिली. एकदा तिनं इतक्या जोरात पदर ओढला की माझ्या खांद्याची पिन निसटली. मग डॉक्टर म्हणाली, "झालं," आणि छोट्या बाटलीत काहीतरी टाकलं.

बाटलीतल्या त्या तुकड्याचा निकाल येईपर्यंत मी कशी जगले ते मलाच माहीत. पोरांना मी चुकीची उत्तरं बरोबर म्हणून दिली. आई उलट शांत होती, तिची भीती टेबलाची होती, आजाराची नव्हती. माझी मात्र सगळी पुढंच होती.

निकालाला पुन्हा तशाच गेलो, बांधून. डॉक्टरनं कागद वाचला आणि सांगितलं की अस्तरातल्या पेशी बिघडायला लागल्या आहेत, अजून पसरलेल्या नाहीत. पिशवी काढावी लागेल. काढली की बहुतेक बरं. "वक्त पे आये," ती म्हणाली. "और देर करते तो मुश्किल था." मी खुर्चीतच रडायला लागले. आईनं मला रडू दिलं आणि डॉक्टरला विचारलं, "भूल दिल्यावर हिला आत येऊ देणार का?" डॉक्टर म्हणाली, भूल चढेपर्यंत येऊ देईन. आईनं ते मान्य केलं.

मग डॉक्टरनं पेन उचललं आणि माझ्याकडे वळली. "आपकी उमर?"

मी सांगितली.

"आपका चेकअप कब हुआ था?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. क्लासमध्ये दरवर्षी मी पोरींना सांगते की चाळिशीनंतर तपासणी चुकवू नका. मैत्रिणी जातात. मला वेळ मिळत नाही, असं मी म्हणते, लग्नाच्या बाबतीत म्हणते तसंच. माझी नजर डॉक्टरच्या खांद्यावरून पडद्याकडे गेली, पडद्याआडच्या टेबलाकडे. मला कधी कुणी काही केलं नव्हतं. मला ती गोष्टही आत्ता आत्ता कळली होती. तरी माझी पावलं बाहेरच्या दाराच्या दिशेला वळलेली मी पाहिली.

"पुढच्या महिन्यात येते," मी म्हटलं. "क्लासच्या परीक्षा आहेत." आणि उठून गाठ सोडायला लागले.

आईनं माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू दे ती," ती म्हणाली. "कुशीवर झोप. मी हाय दाराकडं बघायला."

मी चपला काढल्या आणि टेबलाखाली सरकवल्या.